हात मांडीखाली

“मीच नसतो तर काय झालं असतं, अक्का? सांगा ना.”

वल्लभनं विचारलं ते तक्रारीच्या सुरात. पण तक्रारीच्या आड फुशारकी बसली होती, आणि ती काही लपत नव्हती.

अक्का ओसरीवर शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“काय झालं असतं?”

“पहाटे लाईट आली, मशीन सुरू झालं. पण त्याला स्वतःचा पत्ताच माहीत नाही! इकडे मुजावर सिस्टर पडद्यापुढं बसल्यात, तिकडे तालुक्याला डॉक्टरीणबाई बसल्यात, आणि मध्ये काही नाही. मी पळत गेलो, हातानं पत्ता घातला, रस्ता दाखवला, तेव्हा कुठं...”

“हं.”

“दर वेळी हेच. लाईट गेली की वल्लभ, लाईट आली की वल्लभ.”

“आणि आंबेखोलात लाईट तर कधी जात नाही,” अक्का म्हणाल्या.

वल्लभ हसला. आंबेखोलच्या डोंगरावर लाईट राहिली तर लोक कौतुकानं एकमेकांना सांगायचे.

मठाचा एक छोटा दवाखाना होता. डॉक्टर नव्हते, मुजावर सिस्टर होत्या आणि एक मशीन होतं. त्या मशीनवरून तालुक्याच्या डॉक्टरीणबाई पडद्यावर पेशंट बघायच्या. डोंगरावरच्या वाड्यांना तेवढाच आधार.

अक्का पूर्वी विद्यापीठाच्या संगणक विभागात होत्या. तिथली खोली भरून असलेली यंत्रं त्यांनी उभी हयात सांभाळली, आणि मग एक दिवस सगळं सोडून मठात आल्या. पुण्याची नोकरी टाकून वल्लभ त्यांच्यामागं आला तेव्हा त्यानं मंत्र मागितला होता. अक्कांनी त्याला मशीन दिलं. “हे नीट चालव. मग बघू,” एवढंच म्हणाल्या.

आता मशीनची गोष्ट अशी, की त्याला दोन नेटवर्क कार्डं होती. एक आत, दवाखान्याकडं बघणारं. एक बाहेर, जगाकडं. मशीन उठतं तेव्हा दोन्ही गप्प असतात. तुझा पत्ता हा, बाहेर जायचा रस्ता तो, असं त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. हे एका फाइलीत लिहून ठेवलं, की मशीन उठता उठता आपलं आपण वाचतं. नाही लिहिलं, तर माणसानं कमांड मारून हातानं सांगायचं. आणि हातानं सांगितलेलं टिकतं ते पुढची लाईट जाईपर्यंत.

वल्लभ हातानं सांगायचा. बोटं अशी चालायची की सिस्टर बघत राहायच्या. “वल्लभदादा आहेत म्हणून दवाखाना आहे,” असं त्या चहा देताना म्हणायच्या, आणि दादांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

“आईचा फोन आला होता?” अक्कांनी विचारलं.

वल्लभचं हसू मावळलं.

“आला होता.”

“काय म्हणतात?”

“तेच. अण्णा विचारतात म्हणे. वल्लभ कुठं आहे, वल्लभ का येत नाही. आई म्हणते, ओळखतायत तोवर येऊन जा.”

अण्णा म्हणजे वल्लभचे वडील. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. जयसिंगपूरपासून कोकणापर्यंतचे सगळे थांबे तोंडपाठ. आता सकाळी उठलं की मोरी कुठल्या बाजूला हे आठवत नव्हतं.

“मग?”

“मशीन टाकून कसा जाऊ, अक्का? मध्येच लाईट गेली तर?”

अक्कांचा हात शेंगेवर थांबला.

वल्लभ घाईनं म्हणाला, “अण्णांची सोय केलीय मी. मागं गेलो होतो तेव्हा भिंतीवर कागद लावून आलोय. मोठ्या अक्षरात. वल्लभ आंबेखोलच्या मठात आहे, सुखरूप आहे, काळजी नको. त्यांनी विचारलं की आई बोट दाखवते. ते वाचतात आणि शांत होतात.”

“वाचतात?”

“रोज.”

अक्कांनी शेंगा बाजूला सारल्या. पदराला हात पुसून उठल्या आणि दवाखान्याकडं निघाल्या. वल्लभ मागोमाग.

बाजाराचा दिवस होता, दवाखाना रिकामा होता. अक्कांनी मशीनपुढची खुर्ची ओढली.

“बस.”

तो बसला.

“हात मांडीखाली घे.”

“काय?”

“दोन्ही हात. मांडीखाली.”

वल्लभला हसू आलं. पण अक्का हसत नव्हत्या. त्यानं तळहात मांडीखाली सरकवले आणि शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा बसला.

अक्कांनी मशीन रीतसर बंद केलं, भिंतीवरचं बटण खाली केलं, मग पुन्हा वर केलं.

पंखा घरघरला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. सरकत सरकत थांबल्या. पलीकडच्या टेबलावर सिस्टरच्या पडद्यावर अक्षरं आली: संपर्क नाही.

“काढू हात?”

“नको. बघ.”

“ते आता काही करणार नाही, अक्का.”

“मला माहीत आहे. तू बघ.”

वल्लभ बघत राहिला. त्याची बोटं मांडीखाली वळवळत होती. कमांड त्यांना पाठ होती, त्यांना आवरणं अवघड जात होतं.

मशीन जागं होतं. दिवा हिरवा होता. सगळं होतं त्याच्यात, आणि आपण कोण, कुठले, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. वल्लभनं त्याला या अवस्थेत कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो नेहमी पळत यायचा आणि खुर्चीवर टेकायच्या आत बोटं चालवायचा.

त्याला एकदम वाईट वाटलं. कशाचं ते कळेना.

“आता फाइल उघड,” अक्का म्हणाल्या.

त्यानं हात काढले, फाइल उघडली. पत्ता, रस्ता, दोन्ही कार्डं, सगळ्या ओळी तिथं होत्या. पण प्रत्येक ओळीच्या आधी हॅशची खूण. ती खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढं जातं.

“या ओळी मुक्या कुणी केल्या?”

“मी.”

“का रे?”

वल्लभनं उगीच फाइल वरखाली सरकवली.

“का, वल्लभ?”

“आलो तेव्हा नवीनच होतो,” तो पडद्याकडं बघत म्हणाला. “फाइल मीच लिहिली. बाहेरच्या कार्डाचं नाव चुकलं. मशीन उठताना नसलेल्या कार्डाची वाट बघत बसलं. मला चूक सापडेना. त्या दिवशी दवाखान्यात बाळंतीण होती, अक्का. डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत दिसल्याच नाहीत. सिस्टरनी एकटीनं सोडवली तिला.”

“ठाऊक आहे. पोर आता चालतं. परवा माझी जपमाळ ओढत होतं.”

वल्लभ हसला नाही.

“लिहिलेलं चुकलं तर मी नसताना चुकणार. हातानं केलं की निदान मी तिथं असतो.”

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या वल्लभनं तर ताकच सोडलं होतं, आणि उपवासाचं पुण्य पदरात घेऊन बसला होता.

अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला शेवग्याचा हिरवा वास होता.

“भ्यालास होय रे?”

“हो.”

“मग मला सांगायचं नाही?”

वल्लभनं मान खाली घातली. लोक त्याला दवाखान्याचा आधार म्हणत होते आणि तो इतके दिवस एका चुकलेल्या नावाला घाबरून घरी जात नव्हता. हे त्याला आज, या खुर्चीत, पहिल्यांदा कळलं.

“लिही,” अक्का म्हणाल्या. “मी आहे इथं.”

त्यानं एकेक खूण पुसली. बाहेरच्या कार्डाचं नाव मशीनलाच विचारून घेतलं, मोठ्यानं वाचलं, लिहिलं, पुन्हा वाचलं. अक्कांनी एक अक्षरही सांगितलं नाही.

“झालं?”

“झालं.”

“हात.”

त्यानं हात मांडीखाली घेतले. अक्कांनी मशीन बंद केलं, बटण खाली केलं, वर केलं.

पंखा घरघरला. ओळी सरकू लागल्या. आतलं कार्ड बोललं.

बाहेरचं बोलेना...

मांडीखाली वल्लभच्या मुठी आवळल्या गेल्या. त्यानं अक्कांकडं पाहिलं. त्या दारातून अंगणातल्या कोंबड्या बघत होत्या.

...

मग पलीकडच्या पडद्यावर उजेड झाला. तालुक्याच्या दवाखान्यातली खोली दिसू लागली. डॉक्टरीणबाई नव्हत्या. रिकामी खुर्ची होती, खुर्चीवर त्यांची शाल होती, आणि वर पंखा संथ फिरत होता.

वल्लभ बराच वेळ त्या खुर्चीकडं बघत बसला. त्याचे डोळे भरून आले.

“अक्का, आता माझं इथं काही कामच उरलं नाही.”

“आता झालं काम.”

“आणि मंत्र?”

“दुपारची एसटी मिळेल,” अक्का म्हणाल्या. “शेंगा घेऊन जा आईला.”

वल्लभ जयसिंगपूरला घरी पोचला त्याच आठवड्यात डोंगरावर मोठं वादळ झालं. बातमी कळल्यावर त्याला चैन पडेना. सकाळ होताच त्यानं मोबाईलवरून दवाखान्याला व्हिडिओ फोन लावला. समोर अक्काच आल्या.

“लाईट गेली होती का, अक्का?”

“रात्रभर. पहाटे आली.”

“मशीन?”

“मग मी दिसतेय कशी तुला?”

तो ओशाळून हसला. मग जरा थांबून, आवाज उगीच हलका करून म्हणाला, “कुणी आठवण काढली माझी?”

“मशीननं? नाही बाबा.” अक्कांच्या डोळ्यांत खोडकरपणा होता. “सिस्टर तेवढ्या चहाला एक कप जास्त ठेवतात, आणि मग स्वतःच पितात.”

वल्लभ हसायला गेला आणि ते हसू तोंडातच मोडलं.

“काय झालं, बाळा?”

“अण्णा ओळखत नाहीत, अक्का.”

अक्का पडद्याजवळ सरकल्या.

“सकाळी उठतात आणि मला विचारतात, पाव्हणं, कुठनं बसला? कुठं उतरणार? मी सांगितलं, अण्णा, मी वल्लभ. तर हसले. भिंतीकडं बोट केलं. म्हणाले, न्हाई हो. आमचा वल्लभ मठात असतोय. हे बघा, लिवलंय. सुखरूप हाय. तुम्ही काळजी करू नका.”

त्यानं मोबाईल दुसऱ्या हातात घेतला. अक्कांनी घाई केली नाही.

“मी पुन्हा पुन्हा सांगतो. दुपारपर्यंत कळतं त्यांना. मग माझा हात हातात घेऊन बसतात, तिकीट फाडल्यासारखं माझ्या बोटांशी काहीतरी करत. सोडतच नाहीत. रात्री झोपले, की सकाळी सगळं पुसलेलं.”

“रोज?”

“रोज. आलो त्या दिवसापासून.”

आतल्या खोलीतून खाट करकरली. म्हातारा आवाज आला, “अगं, कोण आलंय गं?”

वल्लभ दचकला, पण वळला नाही. पडद्याजवळ तोंड नेऊन भराभर बोलू लागला.

“मी विचार केलाय, अक्का. तो जुना कागद काढून टाकतो. नवा लावतो, खाटेच्या अगदी समोर. ठळक लिहितो, हा जवळ बसलाय तोच वल्लभ. म्हणजे उठल्या उठल्या त्यांचं ते वाचतील. आपल्या फाइलीसारखं. रोज सांगावं लागणार नाही. बरोबर आहे ना? नेमकं काय लिहू ते तेवढं सांगा.”

“कोण पाव्हणं आल्यात?” आतून पुन्हा आवाज आला. या वेळी त्यात थोडी भीती होती.

वल्लभ अक्कांच्या उत्तराची वाट बघत होता.

अक्कांनी त्या आतल्या आवाजाकडं कान दिला.

“अण्णा मशीन नाहीत. हात मांडीखालून काढ, बाळा.”