कोळशाची रेघ

“...मग आत जे उरलंय त्याला म्हणायचं काय, बाबा?”

मदारशा फकिरानं वर पाहिलं नाही. तो अंड्यांवर कोळशानं रेघा ओढत होता. पाटीत पेंढा, पेंढ्यावर नऊ अंडी, एकेका अंड्याला एकेक रेघ. दुसरी कोंबडी मधेच येऊन अंडं घालून गेली तर ओळखू यावं, म्हणून सगळेच ओढतात.

विचारणारा भालचंद्र मास्तर. शाळा सोडली, घर सोडलं आणि परगावी या फकिराच्या तक्यावर येऊन राहिला. मन स्थिर करायचं होतं त्याला. बायकोला तेव्हा सहावा महिना. त्याला आता दीड वर्ष झालं.

बाळंतपण तिनं काढलं. यानं ध्यान काढलं.

मास्तरकडं एक वही होती. माणूस स्थिर नसतो त्याचे जेवढे म्हणून शब्द आहेत, तेवढे तिच्यात. चुळबुळ, लगबग, वळवळ, तगमग, घालमेल, तडफड, हुरहुर... एकेक जिंकायचा आणि खोडायचा.

“सगळे खोडले,” मास्तर म्हणाला. “चार-चार तास बसतो. नाकावर माशी बसली तरी हलत नाही.”

“माशीची सोय झाली.”

“थट्टा नको, बाबा. आमच्या गावाकडं जाणारी साडेपाचची एस्टी हॉर्न देते ना, तेव्हा आत काहीतरी सरकतं. हुरहुर नाही, ती मी आषाढातच खोडली. घालमेल पण नाही. त्याचं नाव तेवढं सांगा. नाव कळलं की तेही खोडतो.”

“आणि ते पत्र?”



पत्र बायकोचं होतं. चार ओळी. ‘पोरगी चालायला लागली. सारखी पडते. रविवारपर्यंत वाट बघते. सोमवारी तिला घेऊन कायमची माहेरी जाते, मग दारात येऊ नका.’

आज रविवार होता.

“वाचलं आणि घडी घालून ठेवलं,” मास्तर म्हणाला. “हललो नाही.”

फकिरानं कोंबडी आणून अंड्यांवर बसवली.

“खुडूक आहे, उबवणीला आलीय. दाणापाणी झालंय तिचं, आता उठायची नाही. समोर बस. हलली की मला हाक मार.”

मास्तर खूश झाला. बसण्यात त्याचा हात कोण धरणार! मांडी घातली, पाठ ताठ केली, नजर कोंबडीवर लावली.

ऊन डोक्यावर आलं, उतरलं. कोंबडीचे डोळे अर्धे मिटलेले. मधूनच पिसं फुगवायची, चोच पोटाखाली घालायची, पुन्हा गप्प. मास्तरला मुंग्या आल्या, पण उठला नाही.

पाच वाजून गेले तेव्हा फकीर आला.

“हलली?”

“नाही. जागची उठली नाही. बघा बाबा, एका कोंबडीला जमतं ते...”

“उचल तिला.”

मास्तरनं उचललं. तिनं मनगटावर चोच मारली.

सकाळी नऊच्या नऊ रेघा वर होत्या. आता वर एकही नव्हती. कुठली खाली, कुठली आडवी, कुठली पेंढ्यात तोंड घालून. मधलं लालसर अंडं पार काठाला गेलेलं.

“हे कुणी केलं?”

“राखणीला तू होतास.”

“पण ती तर बसून होती!”

“होती की.”

“मग ती स्थिर होती का नव्हती?”

“नुसतं पडून राहिलेलं अंडं आतल्या आत चिकटतं, मास्तर. पिल्लू मरतं.”

मास्तर अंड्यांकडं बघे, कोंबडीकडं बघे. कपाळाला घाम.

“म्हणजे... बसायचं का हलायचं? आणि मी दीड वर्ष केलं ते काय होतं?”



मास्तरनं कोंबडी एका बगलेत दाबली आणि दुसऱ्या हातानं खिशातली वही ओढायला लागला. कोंबडी फडफडत होती, पिसं उडत होती, त्याला त्याचं भान नव्हतं. तिकडं फाट्यावर एस्टीनं हॉर्न दिला. मास्तरचा हात वहीवरच थांबला.

“हे... हेच ते! आत्ता सरकलं. याला शब्द कुठला, बाबा? सांगा ना!”

फकीर खाली वाकला. उलटा हात एका अंड्याला लावून पाहिला.

“शब्द मागाहून लिही. अंडी गार पडायला लागली.”