बेडकीच्या पोटातलं पाणी

"म्हणजे पाणी आत येणारच नाही म्हणतोस?"

गेनूतात्या भोक पाडायच्या गिरमिटाच्या टोकाची धार अंगठ्यानं बघत होते. मान वर केली नाही.

"थेंब नाही यायचा, तात्या. लिहून देतो."

"लिहिलेलं मला कुठं वाचता येतंय, इंजिनेरा."

हा अंकुश, माझा धाकटा दीर. साताऱ्याला मोटारींचं काम शिकून आलेला. आणि गेनूतात्या आमच्या डोहवाडीचे होड्या बांधणारे. धरणाच्या फुगवट्यावर तेव्हा जेवढ्या होड्या होत्या, सगळ्या त्यांच्या हातच्या. अंकुश त्यांच्याकडं गेला तो बेडकीसाठी.

बेडकी म्हणजे गाडी. सहा चाकांची, कठड्यापर्यंत नुसता टब, वर छप्पर नाही. धरणाची मोजणी करणारे साहेब सोडून गेले होते. पाण्यात घातली की चाकंच वल्ह्यासारखी पाणी मारायची, गाळात घातली की गाळातनं चालायची. वळवायला दोन दांडे. पंधरा वर्षं आमच्या गोठ्यामागं पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

अंकुशनं कोंबड्या उठवल्या आणि अकरा महिने तिच्यात डोकं घातलं. साखळ्या नव्या घातल्या. इंजिन खोलून, धुऊन परत बसवलं. जिथं तडा तिथं फायबर. सहा चाकांचे आस टबातनं बाहेर येतात, त्या भोकांना रबरी कडी कशी गच्च बसवायची, ते तात्यांनी दाखवलं. वरनं हिरवा रंग दिला, तो असा चमकायचा की मी त्यात बघून कुंकू लावलं होतं.

हे सगळं कौशीसाठी.

कौशी माझी नणंद, पैलाडच्या कारंडेवाडीत दिलेली. सातवा लागला होता, पहिलटकरीण, माहेरी आणायची होती. पण पाणी ओसरायला लागलं की पैलाडला फर्लांगभर गाळ उघडा पडतो. होडी गाळाच्या अलीकडं थांबते. मागल्या साली एका बाईला चार बाप्यांनी खाटेवर घालून त्या गाळातनं काढलं, तर चौघं कमरेपर्यंत रुतले. बाई वाचली. लेकरू नाही.

कौशीच्या सासऱ्यांनी निरोप धाडला होता : तात्या जा म्हणाले, तरच सून त्या गाडीत बसवू.

म्हणून अंकुश सकाळपासून बेडकी घेऊन तात्यांच्या दारात. बरोबर मी.

"तात्या, नुसतं जा म्हणा की."

"सूनबाई," तात्या माझ्याकडं वळले, "घागर आण तुझी."

अंकुशचं तोंड उतरलं. तात्यांची रीत त्याला ठाऊक होती. होडी पाण्यात घालायच्या आधी ते होडीत पाणी घालायचे. बाहेर जिथं ठिबकेल, तिथनंच उद्या आत येणार.

"ही काय लाकडी होडी आहे का? इंजिन आहे आत!"

"इंजिनाच्या बोटभर खाली थांबू."

अकरा घागरी ओतल्या मी. मोजल्या होत्या, कारण पाणवठ्याचा चढ माझ्या कमरेला ठाऊक. सहाही आस पाण्याखाली गेले.

तात्या उकिडवे बसले. एकेका चाकामागं हात फिरवून बघत बेडकीभोवती फिरले. अंकुश त्यांच्या मागं मागं. मीही.

हात कोरडाच.

आम्ही भाकरी खाल्ल्या. तात्या परत एकदा बेडकीभोवती फिरले.

कोरडाच.

अंकुशची छाती अशी फुगली, की मला हसू आलं. "काय तात्या? बोला आता."

"झकास बांधलीस," तात्या म्हणाले. आणि खरंच मनापासून म्हणाले, डोळे भरले होते त्यांचे. "माझी एक होडी पहिल्या पाण्याला अशी कोरडी राहिली नाही."

"मग जाऊ?"

"जा की. आधी तेवढं पाणी काढ."

अंकुश मागच्या बाजूला गेला. वाकला. आणि तसाच राहिला...

तिथं आधी आतलं पाणी सोडायच्या बुचाचं भोक होतं. साहेबांनीच ठेवलेलं. त्याचे आटे झिजले होते, तिथनं गळायचं. अंकुशनं त्यावर चार थर फायबर चढवलं होतं, घासून पॉलिश केलं होतं. भोक कुठं होतं तेही दिसेना.

"गळायची जागाच ठेवली नाही मी," तो हळूच म्हणाला. हे वाक्य महिनाभर गावाला ऐकवलं होतं त्यानं.

"काढ, काढ. दिवस आहे अजून."

तांब्यानं काढलं. तांब्या पोचेना तिथं वाटीनं. साखळ्यांच्या खाली वाटी जाईना, मग अंगातला सदरा काढून बुडवायचा, पिळायचा, बुडवायचा, पिळायचा. कोपरं सोलवटली. शेजारपाजारचे चौघं जमले.

"उलटी करू," अंकुश म्हणाला. "हात लावा रे. कलंडवून ओतू."

"कौशीसकट?" तात्यांनी विचारलं.

कुणी हात लावला नाही.

अंकुश बेडकीच्या चाकावर बसला. सदरा मांडीवर, त्यातनं पाणी गळतंय. इंजिनाखाली अजून वीतभर पाणी होतं, वाऱ्यानं हलत होतं.

"पण तात्या, हे पाणी तुम्ही घातलंत. तिथं कोण घालणार आहे?"

तात्यांनी टबाच्या उघड्या तोंडावर आडवा हात फिरवला, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. मग एकदा वर आभाळाकडं बघितलं, एकदा फुगवट्याच्या लाटांकडं.

"किती भोकं बुजवलीस रे?"

"एकोणतीस."

"आणि हे?" तात्यांनी परत त्या उघड्या तोंडाकडं बोट केलं.

अंकुशनं मान खाली घातली. मला वाटलं रडतोय. पण हसत होता. "अकरा महिने, वहिनी... एवढं मोठं भोक दिसलं नाही मला."

तात्यांनी गिरमिट त्याच्या हातात ठेवलं.

त्या हिरव्या, आरशासारख्या पॉलिशवर त्यानं आधी एकदा तळवा फिरवला, मग टोक टेकवलं. तात्यांनी मदतीला हात घातला नाही. दुसरीकडं बघत उभे राहिले. गिरमिट फिरलं, फायबरचा भुसा पडला, आणि पाण्याची धार सुटली, अंकुशच्या पायावर, माझ्या पायावर. गाडी रिकामी व्हायला घडीभरसुद्धा लागली नाही.

तात्यांनी बंडीच्या खिशातनं लाकडाचं बूच काढलं. बाभळीचं. दोरी ओवलेली. भोकात घातलं, तर अर्ध्या पिळात गच्च बसलं. "गाळावर चढलास की काढायचं, पाणी सोडायचं," म्हणाले.

मी ते बूच नीट बघितलं. आज कोरलेलं नव्हतं. हाताच्या तेलानं काळं पडलं होतं.

अंकुशनंही बघितलं. "तुम्हाला ठाऊक होतं! मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू सांगत होतास. मी ऐकत होतो."

अंकुशनं तात्यांच्या पायाला हात लावला. सदरा पिळून, तसाच ओला अंगात घातला. बेडकीत चढला, दांडे धरले, आणि तिथंच थांबला. या वेळी जाऊ का म्हणून विचारलं नाही त्यानं.

तात्याच जवळ आले. कठड्यावर हात ठेवला.

"का रे, पाणी आत येईल?"

अंकुशनं पैलाडच्या गाळाकडं बघितलं.

"येईल, तात्या."

"मग जा. कौशीला घेऊन ये."