आनशीचा तुंबा

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा कातळखोल गावात अजून खोत होता, आणि खोताच्या घराला दारं होती.

त्या गावात आनशी नावाची एक एकटी बाई राहायची. तिच्या परसात बांबूचा मांडव होता आणि मांडवावर पावट्याचा वेल. पांढरा दाणा, त्यावर तांबडा ठिपका, रागावलेल्या डोळ्यासारखा. तसा पावटा दुसऱ्या कुठल्या गावात नव्हता, असं म्हणतात. शेंगा वाळल्या की आनशी टपोरे दाणे निवडायची, राखेत घोळवायची, भोपळ्याच्या तुंब्यात भरायची आणि तो तुंबा चुलीवर धुरात टांगायची. बाकीचं गाव आपापला पावटा शेवटच्या दाण्यापर्यंत खाऊन टाकायचं. बियाणं कशाला ठेवायचं? आनशी आहे की! पेरणीच्या दिवशी सगळे तिच्या कुंपणापाशी ओंजळ पुढे करून उभे राहायचे. ती द्यायची.

एका वैशाखात विसाजी खोताच्या मुलीचं लग्न निघालं. व्याही मिशीला पीळ देत म्हणाला, "तुमच्या गावच्या पावट्याचं फार ऐकलंय बुवा. पंगतीला उसळ त्याचीच हवी." वैशाखात पावटा कुठला? उरला होता तो फक्त आनशीच्या तुंब्यात. खोताने राघो गड्याला पाठवलं.

"राघो, हात लावू नकोस," आनशी म्हणाली. "बियाणं आहे ते. बियाणं कोणी शिजवतं का?"

"मला काय सांगतेस, आनशे? खोतांना सांग."

"माझी शेळी ने. कोंबड्या ने. तुंबा राहू दे."

राघोने तुंबा खांद्यावर घेतला आणि निघाला. आनशी त्याच्यामागे वाटेवर आली. कुंपणांआड सगळं गाव उभं होतं.

"अरे, बोला की कोणीतरी!" ती ओरडली. "तुमचेही मांडव आहेत त्या तुंब्यात!"

बायांनी पदर तोंडाशी धरले. एक बाप्या तर बांधलेल्याच म्हशीचं दावं पुन्हा बांधू लागला. खोत खोतासारखा वागला, त्याचं मला नवल नाही. मला आजही राग येतो तो त्या दावं बांधणाऱ्याचा.

आनशी खोताच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शिजवा तर. बघू कसा शिजतो."

पावटा भिजत घातला, फुगला नाही. तपेल्यात चढवला. पाणी खळखळलं, आटलं, पुन्हा ओतलं. दाणा खड्यासारखाच. आचारी घाम पुसत म्हणाला, "खोत, एखादा दाणा गणंग निघतो, कितीही उकळा, शिजत नाही. पण हा सगळाच गणंग आहे!"

"लाकडं घाल," खोत म्हणाला.

लाकडं संपली. खोताने लग्नमांडवाचे वासे चुलीत घातले, मग गोठ्याचे. नांगर घातला, झोपाळा घातला. खोतीण हात जोडून म्हणाली, "अहो, आमटीभात वाढा. वऱ्हाड उपाशी बसलंय."

"पावटा शिजेल तेव्हाच पानं मांडायची!"

व्याही आधी हसत होता. मग तो नवरानवरीला घेऊन उपाशीच निघून गेला. खोताने दारं उखडून जाळली. शेवटी आढं ओढलं, तसं घर खाली बसलं. धुरळ्यातून खोत बाहेर आला, त्याने मूठभर दाणे तोंडात टाकून कडाकडा चावले, आणि स्वतःचे दात ओंजळीत घेऊन गावाबाहेर चालता झाला. परत आला नाही, असं म्हणतात.

तपेलं राखेत उपडं झालं होतं. पावसाचा पत्ता नसताना त्या ऊन राखेतून कोंब वर आले. वेल पडक्या भिंतींवर चढले, शेंगा धरल्या, वाळल्या. मग गाव ओंजळी घेऊन आलं. पाहतात तो आनशी हातात कोयता घेऊन जोत्यावर बसलेली.

हल्ली सांगतात की ती हसली आणि तिने सगळ्यांना क्षमा केली. शाळेच्या भिंतीवर तिचं चित्र काढलंय, त्यातही ती गोड हसते. मला फार थोड्या गोष्टींची खात्री वाटते. होती तीही चार पुस्तकं वाचून गेली. पण ती हसली नाही! तिने एकेकाचं नाव घेतलं आणि ऊन कलेपर्यंत गावाला शिव्या घातल्या. मग बियाणं दिलं. दर पेरणीला आधी शिव्या, मग बियाणं. मरेपर्यंत तिने कोणाच्या घरचं पाणी घेतलं नाही.

ती गेली त्या वर्षी शिव्या द्यायला कोणी नव्हतं. लोकांनी बियाणं गुपचूप वाटून घेतलं. एकही दाणा उगवला नाही, असं म्हणतात. तुंब्याच्या तळाशी उरलं होतं, तेवढंच बियाणं वाचलं.

म्हणून अजूनही पेरणीच्या दिवशी गाव खोताच्या जोत्यापाशी जमतं. गावातली सर्वांत म्हातारी बाई तुंबा घेऊन वर बसते आणि एकेकाला नाव घेऊन झाडते. एकदा एक नवा जावई हसत म्हणाला, "आजी, मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो."

"आता जन्मलायस ना, मुडद्या? मग ऐक!"

शिव्या खाऊन झाल्या की ज्याला बियाणं हवं त्याने आनशीच्या परसाकडे तोंड करून ओरडायचं: "राघो, ठेव तो तुंबा खाली!" परस लांब आहे. आवाज चोरटा निघाला, तर म्हातारी भरलेली मूठ मागे घेते.

"तिला ऐकू गेलं नाही," ती म्हणते. "पुन्हा."