वर म्हणजे कुठे?

माणसांनी पक्ष्यांना नावं ठेवायला सुरुवात केली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. एका बाभळीवर कावळेगुरुजी पिल्लांना उडायला शिकवत. त्यांचा धडा एकच होता: घाबरलात की वर जा.

एकदा त्यांनी नीलपंखाला उडता उडता कूस पालटताना पाहिलं. तो पोट आभाळाकडे करायचा आणि तसाच फिरून पुन्हा सरळ व्हायचा. गुरुजींनीही तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा ते शेणाच्या ढिगात सापडले.

"उलटे झाल्यावर काय करता?" नीलपंखाने विचारलं.

"घाबरतो. मग नियमाप्रमाणे वर जातो."

"वर म्हणजे कुठे?"

"कुठे म्हणजे काय? पाठीकडे."

"आणि उलटे असताना पाठीकडे काय असतं, गुरुजी?"

गुरुजींनी बराच विचार केला. "शेण," ते म्हणाले.

"मग कूस पालटण्याआधीच चोच जराशी वर करून ठेवा, कारण मध्ये ती खाली झुकणारच. एकदा वळायला लागलात की वर जायची धडपड नको. आधी पुरते वळा."

चौथ्यांदा गुरुजी उलटे झाले, भरपूर घाबरले आणि तरीही वळत राहिले. जमीन पुन्हा पोटाखाली आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धडा बदलला. "घाबरलात की आधी वर कुठे आहे ते बघा."

गुरुजी आता म्हातारे झाले, असं पिल्लांना वाटलं. "त्यात काय बघायचं?" ती म्हणाली, आणि प्रत्येकाने चोच वळवून आपापली पाठ दाखवली.