आढ्यावरचा सरडा

फार मागची गोष्ट, जनावरं दुकानं मांडून बसायची तेव्हाची. झऱ्याकाठच्या बाजारात हत्तीपाटलांनी दवंडी पिटवली: खाण्याचा माल विकणाऱ्यानं दुकानाच्या आढ्याला एक सरडा बसवायचाच. सरड्याचे दोन डोळे दोन बाजूंना फिरतात, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. सरडा नसेल, तर दुकान बंद.

सशिणीनं आपल्या गाजरांच्या दुकानात सरडा बसवला आणि तिला हायसं वाटलं. आधी पाण्याला निघताना ती समोरच्या साळुंकीला हाक मारायची, "अगं, पोराकडं बघ गं जरा." आता त्या हाकेची गरजच उरली नाही.

एके सकाळी ती घागर भरून आली, तर गाजरं जागच्या जागी आणि पोर नाही.

"सरडेदादा, माझं पोर कुठंय?"

"कोल्ह्यानं नेलं," सरडा शांतपणे म्हणाला. "मागच्या दारानं आला, मानेला धरून घेऊन गेला. सगळं नीट पाहिलंय मी."

तिच्या हातातली घागर सुटली. "अरे मेल्या, मग ओरडला का नाहीस?"

"मला बघायला बसवलंय, बाई. ओरडायचं कुणी सांगितलं नव्हतं."

सशीण तशीच समोर धावली. साळुंकी आपल्या दुकानाच्या पायरीवर बसली होती.

"साळुंके, तुला तरी दिसलं नाही का गं?"

"दिसला होता गं कोल्हा, तुझ्या दुकानामागं जाताना. म्हटलं, सरडा आहे की बघायला..."

बोलता बोलता साळुंकी थांबली. तिच्याही आढ्याला सरडा होता, मागचं दार उघडं होतं, आणि आतून पिलांचा आवाज येत नव्हता.