तांबटाच्या बायकोची पहिली पोथी

फार फार पूर्वी, जेव्हा ग्रंथ हातांनी लिहिले जात आणि बहुतेक लोक ते कानांनी वाचत, त्या काळी एका रुंद नदीच्या काठी एक नगर होते. नगर लहानच, पण तेथील लोकांना आपल्या रसिकतेचा मोठा अभिमान होता.

त्या नगराची एक रीत होती. कोणी नवा ग्रंथ रचला, की देवळाच्या सभामंडपात पुराणिकबुवा तो सर्वांसमक्ष वाचून दाखवीत. वाचन संपले, की ग्रंथकर्त्याने शपथेसाठी पोथीवर उजवा हात ठेवून उभे राहावयाचे. सभेने एकच प्रश्न विचारावयाचा आणि कर्त्याने त्याचे खरे उत्तर द्यावयाचे. सभेला आवडलेली पोथी लाल वस्त्रात गुंडाळून देवळाच्या पेटीत ठेवली जाई. न आवडलेली परत मिळे. चोरलेली ठरली, तर तिचे नदीत विसर्जन होई.

तांबटआळीत एक तरुण स्त्री राहत होती. तिचा नवरा तांब्याच्या घागरी घडवी. माणूस सरळ आणि कष्टाळू होता. आळीत दिवसभर हातोड्यांचा घणघणाट चाले. इतरांना त्यात बोलणे ऐकू येत नसे. हिला मात्र त्यातच आपले मन स्वच्छ ऐकू येई. वडिलांनी तिला अक्षरओळख करून दिलेली होती. घरचे आवरले, की ती माजघरात बसून लिही. अशा रीतीने तिची पहिली पोथी पूर्ण झाली.

ती एक प्रेमकथा होती. एक बुरुडाची मुलगी टोपल्या विकण्यासाठी रोज नदी ओलांडते. होडी चालवणारा नावाडी तिच्याशी कधी एक शब्द बोलत नाही. केवळ एवढेच, की तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तो होडीचे तोंड किंचित वळवतो, मग वाट लांबली तरी चालेल. पुढे मुलीचे लग्न ठरते. वरात त्याच होडीतून पलीकडे जाते. नावाडी त्या दिवशीही होडी वळवतो. उशीर होतो म्हणून वऱ्हाडी त्याला बोल लावतात. उशीर का झाला, ते होडीत तिला एकटीलाच ठाऊक असते. कथा तेथेच संपते.

वाचन कित्येक संध्याकाळी चालले. शेवटच्या दिवशी सभामंडपात कोणी खोकलेसुद्धा नाही. म्हाताऱ्या तेल्याने उपरणे डोळ्यांना लावले. सोनाराच्या बायकोने शेवटचे पान पुन्हा वाचण्याची विनंती केली आणि ते वाचताना बुवांचा सराईत आवाजही कापला. असा मान त्या नगरात कोणत्याही पहिल्या पोथीला मिळाला नव्हता.

मग ती पोथीवर हात ठेवून उभी राहिली. सभेच्या वतीने नगरशेटांनी प्रश्न विचारला.

"बाई, पोथी उत्तम आहे. आता एवढंच सांगा, हा नावाडी कोण?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "मी तो मनाने रचला."

सभेत मंद हसू पसरले. नगरशेट म्हणाले, "मनाने रचलेले नायक आम्हाला ठाऊक आहेत. ते चंद्रासारखे दिसतात आणि हत्तीसारखे चालतात. ह्याच्या अंगठ्यावर तर दोराचा वण आहे. असू द्या. आम्ही समजलो."

पोथी लाल वस्त्रात गुंडाळली गेली आणि पेटीत गेली. प्रश्न मात्र सभेबरोबर घरोघर गेला.

नगराच्या घाटावर एकच मोठी होडी होती आणि तिचा एकच नावाडी. तो मध्यम वयाचा, संसारी माणूस होता. घरी बायको होती, दोन मुली होत्या. पोथी त्याने ऐकलीही नव्हती, कारण संध्याकाळी तो उतारू पोचवत असे. पण त्याच्या अंगठ्यावर वण होता. लोकांना तेवढे पुरले.

आरंभी सारे थट्टेवारी चालले. होडीत बसणारे म्हणत, "नावाडीदादा, आमच्याही डोळ्यांवर ऊन येतं हो. जरा वळवा की."

तोही हसून उत्तर देई, "दोराने अंगठा कापला नाही असा नावाडी दाखवा, मी त्याच्या पाया पडतो."

पण थट्टा जितकी जुनी होते तितकी ती खरी वाटू लागते. हळूहळू बायका त्याच्या होडीत एकट्या बसेनाशा झाल्या. पाणवठ्यावर त्याच्या बायकोला एकीने विचारले, "तुझ्यासाठी कधी वळवली का गं होडी?" तिने घागर तशीच उचलली, आणि दुसऱ्या दिवशी मुलींना घेऊन ती माहेरी निघून गेली. मग त्याच्या ज्ञातीने पंचायत भरवून त्याला वाळीत टाकले. ती होडी दोन माणसांची होती. एकाने वल्हवायचे, एकाने सुकाणू धरायचे. सुकाणूवर त्याचा चुलतभाऊ असे. तोही येईनासा झाला. नदीला पुराचे पाणी चढत होते.

इकडे तांबटाने बायकोवर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. तो तिच्या हातचे जेवे. परंतु जेवताना मान वर करीत नसे. एकदाच त्याने विचारले, "लग्नानंतर तू नदीपार किती वेळा गेलीस?"

"तुमच्याबरोबर गेले, तेवढ्याच वेळा."

तो उठून कामाला लागला. त्या दिवशी घागरीचा काठ वाकडा आला.

आपल्या कथेमुळे एका निरपराध माणसाचे घर मोडले आणि आता त्याची भाकरही जाणार, हे तिला दिसत होते. ती पुराणिकबुवांकडे गेली.

"बुवा, आपण इतके ग्रंथ वाचलेत. मी खोटं बोलले, असं आपल्याला वाटतं का?"

"नाही."

"मग सभेत बोलला का नाहीत?"

बुवांनी उपरण्याची घडी नीट केली. "सभेला आनंद झाला होता, मुली. तो मोडणं माझ्या जिवावर आलं." मग ते म्हणाले, "पोथी वाईट असती, तर तुझ्यावर सर्वांचा विश्वास बसला असता. ती चांगली झाली, हाच तुझ्याविरुद्धचा पुरावा."

 मग तिने सभा बोलवण्याची विनंती केली. आपले उत्तर चुकले असल्यास कर्त्याला ते एकवार सुधारता येई. तसा नियम होता.

सभा भरली. पेटीतून पोथी काढण्यात आली. तिने तिच्यावर उजवा हात ठेवला आणि सांगितले, "ही पोथी माझी नव्हे. माहेरी एक परदेशी वाटसरू मुक्कामाला होता. त्याच्या पोथीवरून मी ही उतरवून घेतली. त्यातला नावाडी दूर देशीचा आहे. मी तुम्हाला फसवलं."

पहिल्या वेळी ती खरे बोलली, तेव्हा एकानेही मानले नव्हते. ह्या वेळी ती खोटे बोलली, तेव्हा एकालाही शंका आली नाही.

"तरीच," नगरशेट म्हणाले. "तांबटआळीत असं कुठून येणार."

तिने नवऱ्याकडे पाहिले. कित्येक दिवसांनी त्याची मान वर झाली होती आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचे समाधान होते. बायको चोर आहे, हे त्याला सोसत होते. तिच्या मनात एक अख्खा माणूस जन्मू शकतो, हे त्याला सोसत नव्हते. पुढे आयुष्यभर तिला शपथ मोडल्याचे झाले नाही इतके दुःख त्या समाधानाचे झाले.

बुवा त्याही वेळी काही बोलले नाहीत.

पोथीचे विसर्जन करावे आणि त्याच वेळी नावाड्याला त्याचा मान परत द्यावा, असे ठरले. सारे नगर घाटावर गेले. घाटावर होडी नव्हती.

कपडे वाळत घालणाऱ्या परटाने सांगितले. सकाळी पलीकडून हाका आल्या होत्या. एक बाई अडली होती. तिला ह्या काठच्या सुइणीकडे आणायचे होते. नावाड्याने घाटावरच्या प्रत्येकाला विनवले, की कोणीतरी सुकाणू धरावे. कोणी उठले नाही. मग तो एकटाच गेला. नदीच्या मध्यावर होडी आडवी झाली. त्यानंतर ती दिसली नाही.

लोक पाण्याकडे पाहत उभे राहिले. तुम्ही का उठला नाहीत, असे परटाला कोणी विचारले नाही. कारण मग त्यानेही तेच विचारले असते. पलीकडच्या त्या बाईचे काय झाले, हेही कोणी विचारले नाही. शेवटी नगरशेट म्हणाले, की हाती घेतलेला विधी अपुरा ठेवू नये. बुवांनी पोथी पाण्यात सोडली.

ती स्त्री पुष्कळ वर्षे जगली. रांधत होती, वाढत होती, आल्यागेल्याचे करीत होती. तिने पुन्हा लेखणी धरली नाही. नावाड्याच्या मुली आजोळीच वाढल्या आणि वडिलांचे नाव कोणी विचारले, तर त्या विषय बदलीत. त्या नगरात पुढेही ग्रंथ पुष्कळ झाले, सभा भरल्या, लाल वस्त्रे विणली गेली. परंतु लिहिणारे सावध झाले होते, आणि त्यांच्या ग्रंथांतून जिवंत माणूस कायमचा नाहीसा झाला.

तात्पर्य : कथेतील माणसाला गावात शोधू नये, तो तेथे नसतो, आणि जो सापडतो तो निरपराध असतो.