साठांतला एक खोपा

विहिरींवर अजून मोटा चालत होत्या तेव्हाची ही गोष्ट. सुगरण पक्ष्यांत रीत अशी, की नर अर्धा खोपा विणतो, मादी त्याला लोंबकळून पाहते आणि तिला पसंत पडला तरच तो पुढे विणतो.

दोघी बहिणी खोपा पाहायला निघाल्या. धाकटीने विहिरीवरच्या बाभळीचे तीन खोपे पाहिले आणि मधला पसंत केला. थोरली नदीकाठच्या सिंदीच्या बनात गेली. तिथे साठ खोपे होते. आठ दिवस एकेक पारखून तिने सगळ्यांत सरस तो निवडला.

पुढे ती धाकटीकडे आली. "अगं, हा तर वाकडा आहे," ती म्हणाली.

"आहे ना. डावीकडे कलतो. म्हणून त्याच बाजूला चिखल लिंपून अंडी ठेवली. वाऱ्यातही हलत नाहीत बघ."

थोरलीने डोकावलं. तीन अंडी उबेत होती. हिने वाकडेपणही कामाला लावलं, या विचाराने तिला बहिणीचं फार कौतुक वाटलं.

"तुझा तर साठांतला एक," धाकटी म्हणाली. "आत कसं वाटतं गं?"

 खोपा विणून झाल्यापासून थोरली दारातच बसून उरलेले एकोणसाठ न्याहाळत होती. आत ती अजून गेलीच नव्हती.